वीतभर पाणी

जानेवारीच्या पहाटे नाशिकहून निफाडकडे निघालं, की चांदोरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागांतून धूर उठताना दिसतो. नवख्या माणसाला वाटतं, कुठेतरी आग लागली. पण बागाईतदारांनी रात्री दोन-तीनला उठून बांधाबांधाने शेकोट्या पेटवलेल्या असतात. मण्यात पाणी उतरायच्या दिवसांत थंडी कडक पडली, तर मणी तडकतो आणि वर्षाची मेहनत एका रात्रीत मातीमोल होते. म्हणून कोणी शेकोटी करतं, कोणी विहिरीचं कोमट पाणी पहाटेच ठिबकमधून सोडतं. निफाडचा पारा राज्यात सगळ्यांत खाली, ही बातमी हिवाळ्यात नेहमीचीच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा इथले शेतकरी बाजारभावाइतक्याच काळजीने वाचतात.

चांदोरीच्या अलीकडे अंधारात एक दिंडी भेटली. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते, तिकडे निघालेली. पुढे पताका, मागे घोंगड्या-शाली पांघरलेली माणसं, मधून टाळांचा आवाज. गाडी बाजूला घेऊन त्यांना वाट दिली. ती माणसं गोदावरीच्या उगमाकडे चालली होती आणि मी त्याच नदीच्या ओघाबरोबर खाली, नांदूरमध्यमेश्वरला. तिथेही मला वारकरीच भेटणार होते. काळाकुळकुळीत, कपाळावर गोपीचंदनासारखा पांढरा टिळा, हिवाळ्यात थव्यात राहणारा एक पाणपक्षी आहे. मराठीने त्याला वारकरी हेच नाव दिलं आहे.

चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्याशी पोचलो, तेव्हा उजाडायला अवकाश होता. आठवड्याचा मधला वार, त्यामुळे गाड्यांची गर्दी नाही. गावातला एक तरुण वाटाड्या कानटोपी घालून, हातात दुर्बीण घेऊन उभा होता. मी घाईने माझी दुर्बीण काढली, तर म्हणाला, "राहू द्या, सर. आत्ता धुकंच दिसणार. आधी कान लावा."

कान लावला. सुरुवातीला काहीच वेगळं कळेना, नुसती गजबज. मग तिच्यातले धागे सुटे होऊ लागले. दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा वारकऱ्यांचा तुटक आवाज. गवतातून जांभळ्या पाणकोंबड्यांचा कलकलाट. पलीकडे कुठेतरी तरंग बदकांच्या नरांची लांबलेली शीळ. टिटवी तर काय, सगळ्यांच्या वरताण. धुक्याच्या पडद्याआड एक अख्खं गाव जागं होत होतं आणि त्यातलं एकही घर अजून दिसत नव्हतं.

पाणी भरपूर, पक्षी नाहीत

मी इथे पहिल्यांदा आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या साली पाऊस चांगला झाला होता आणि जलाशय काठोकाठ भरलेला होता. दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला भरलेलं पाणी दिसलं की जीव सुखावतो, तसा माझाही सुखावला. पण दिवसभर फिरून पक्षी दिसले ते दूर, मोजके. पांढऱ्याशुभ्र विस्तारावर चार-दोन ठिपके. हिरमुसून परत आलो. पाणी एवढं असताना पक्षी का नाहीत, हे कोडं बरेच दिवस सुटलं नाही.

ते सुटलं या जागेचा इतिहास कळल्यावर. १९०७ ते १९१३ या काळात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाच्या खाली नांदूरमध्यमेश्वर इथे दगडी बंधारा बांधला गेला. त्याचं काम पाणी साठवण्याचं नव्हतंच. वरच्या अंगाला दारणा धरणात साठवलेलं पाणी नदीतून खाली यायचं, बंधाऱ्याने त्याची पातळी उचलून धरायची आणि डाव्या-उजव्या कालव्यांत ते वळवायचं. येवला, कोपरगाव, राहाता या कोरड्या पट्ट्याला पाणी मिळावं म्हणून केलेली ही सोय. सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून गाडीने दोन तासांवरच्या निफाडला त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही नाही. पर्जन्यछायेतल्या पठाराला घाटमाथ्याचं पाणी आणून द्यायचं, हा त्यामागचा साधा हिशोब.

त्या हिशोबात गाळ नव्हता. गोदावरी आणि कादवा दर पावसाळ्यात पठाराची काळी माती घेऊन येत राहिल्या. बंधाऱ्यापाशी पाण्याचा वेग मंदावला की माती खाली बसे. वर्षामागून वर्षं असं होत राहिलं आणि बंधाऱ्यामागे उथळ पाणी, चिखलाची पठारं, मधे बेटं, बेटांवर गवत आणि पाणकणीस असा एक प्रदेश तयार झाला. पाटबंधाऱ्याच्या वहीत गाळ म्हणजे तोटा. तोच गाळ पक्ष्यांच्या कामी आला.

१९८६ साली इथे अभयारण्य झालं. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी ही जागा पाहून तिला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हटलं, हे इथला प्रत्येक वाटाड्या अभिमानाने सांगतो. २०२० च्या जानेवारीत ही जागा राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत महाराष्ट्राचं नाव आलं ते एका जुन्या बंधाऱ्यामागच्या चिखलामुळे. हे मी मुद्दाम सांगतो. चिखल हा शब्द आपण फार हलका करून ठेवला आहे.

पंगत

सात वाजून गेल्यावर सूर्य वर आला आणि धुकं फाटत गेलं. पहिल्यांदा दिसले ते शेकाटे. काळे पंख, पांढरं पोट आणि लाल-गुलाबी काडीसारखे पाय. हा पक्षी इथे इतका की पट्टीचे लोक त्याच्याकडे पाहतही नाहीत. मी मात्र त्या दिवशी त्याच्याकडेच सगळ्यात जास्त वेळ पाहत बसलो. वाटाड्याने कारण दिलं.

"त्याचे पाय बघा, सर. किती बुडालेत?"

निम्मे बुडाले होते. शेकाट्याचा पाय साधारण वीतभर. म्हणजे तिथे चार-पाच बोटं पाणी. थोडं पलीकडे दुसरा उभा होता, त्याचं पोट जवळपास पाण्याला टेकलेलं, तिथे वीतभर. त्याच्या पुढे एकही शेकाट्या नव्हता. जलाशयात पातळी दाखवणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांच्यापेक्षा हे बरं मोजमाप. ही पट्टी चालत फिरते आणि जिथे जाईल तिथली खोली सांगते.

एकदा ही गोष्ट नजरेत बसली की सगळा जलाशय वेगळा दिसू लागतो. कडेच्या ओल्या चिखलावर पिवळे धोबी शेपटी हलवत पळताहेत. त्यांना पाणी नकोच, ओल हवी. बोटभर पाण्यात तुतवार. वीतभर पाण्यात शेकाटे आणि लांब सरळ चोच चिखलात मुळापर्यंत खुपसणारे मालगुजे. त्याहून जरा पुढे चमच्यांची रांग. चमच्याची चोच टोकाशी पसरट. ती अर्धवट उघडी ठेवून तो मान डावी-उजवीकडे फिरवत चालतो, कापणीला विळा फिरवावा तशी. चोचीला काही लागलं की मिटते. डोळ्यांनी शोधायचं कामच नाही, त्यामुळे गढूळ पाण्याची त्याला अडचण होत नाही. आणखी पुढे राखी बगळा आणि चित्रबलाक, गुडघाभर पाण्यात एकाच जागी उभे.

मग बदकांची ओळ. थापट्याची चोच फावड्यासारखी, कडांना बारीक कंगवे. पृष्ठभागावरचं पाणी तो गाळत जातो. तलवार बदक डोकं खाली, शेपटी आभाळाकडे करून उभंच्या उभं बुडतं. त्याची मान लांब, त्यामुळे बाकीच्या बदकांना न पोचणारा तळ त्याला पोचतो. हळदीकुंकू बदक, चोचीला पिवळं टोक आणि मुळाशी लाल ठिपके, गवताच्या कडेने जोडीजोडीने. आणि सगळ्यात आत, खोल पाण्यात, बुडी मारून तळ गाठणाऱ्या लालसरी, पाणकावळे आणि वारकरी.

ही पंगत आहे. प्रत्येकाचं पान मांडलेलं आहे आणि कोण कुठे बसणार, हे पायाच्या, मानेच्या आणि चोचीच्या लांबीने ठरलेलं आहे. कोणी कोणाच्या पानात हात घालत नाही. पण पाणी हातभर वाढलं तर अर्धी पंगत उठते. शेकाट्या उठतो, मालगुजा उठतो, चमच्या उठतो, धोब्याला तर कडच उरत नाही. उरतात ते बुडी मारणारे. माझ्या पहिल्या खेपेचं कोडं इतकं सोपं होतं. पक्ष्यांना पाणी किती आहे याच्याशी फारसं देणंघेणं नाही. पाणी किती खोल आहे, यावर त्यांचं पोट चालतं.

दहाचा तुकडा

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे. इथेही मोजणी होते. साधारण चारशे वारकरी एका जागी वळवळत असताना ते मोजायचे कसे, हे मला शिकायचं होतं.

वाटाड्याने दुर्बीण माझ्या हातात दिली. "आधी दहा मोजा. नीट, एकेक करून. मोजले? आता त्या दहांनी किती जागा घेतली ती डोळ्यात ठेवा. तेवढाच तुकडा शेजारी ठेवा, परत शेजारी ठेवा. दहा तुकडे झाले की शंभर."

पहिल्या वेळी माझे दोनशे साठ झाले, दुसऱ्या वेळी साडेतीनशे. त्याचे दोन्ही वेळा चारशेच्या आत-बाहेर. तो हसला नाही. म्हणाला, "थवा कडेला विरळ असतो आणि मधे दाट. तुम्ही कडेचा तुकडा मधेही तसाच ठेवला." तिसऱ्या खेपेला मी मधल्या दाटीसाठी वेगळा तुकडा धरला आणि त्याच्या आकड्याच्या जवळ आलो. अशा नजरेला शाळा लागत नाही. हिवाळ्यामागून हिवाळे एकाच पाण्याकडे बघत बसावं लागतं.

मोजणी चालू असतानाच एक दलदली भोवत्या पाणकणसावरून तरंगत आला. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरलेले, उडणं आळसावलेलं. पण त्याची सावली जिथून गेली तिथून बदकं उठत गेली. आधी तलवार बदकं, मग थापटे; आणि पंखांचा आवाज असा आला, जसा पत्र्याच्या शेडवर अचानक पावसाचा सडाका यावा. वारकरी मात्र लगेच उडाले नाहीत. ते एकमेकांना चिकटून गोळा झाले, आणि भोवत्या अगदी वर आल्यावर पाण्यावरून पाय मारत धावत सुटले. मागे पांढऱ्या फेसाची वाट. दोन मिनिटांत भोवत्या रिकाम्या पायांनी पलीकडे गेला आणि सगळे आपापल्या पानावर परत बसले. आमची मोजणी मात्र पहिल्यापासून.

मनोऱ्याखाली गवतात एक जांभळी पाणकोंबडी होती, आमच्यापासून दहा-बारा पावलांवर. लाल चोच, कपाळावर लाल पट्टा, अंग जांभळ्या-निळ्या रेशमासारखं. तिने पाणकणसाचा एक कोवळा कोंब चोचीने उपटला. मग जे केलं ते पोपटाशिवाय फारसं कोणी करत नाही: एका पायावर उभी राहिली, दुसऱ्या पायाच्या लांब बोटांत तो कोंब धरला, चोचीने वरची हिरवी साल सोलली आणि आतला पांढरा गाभा कुरतडून खाल्ला. साल टाकून दिली. दुसरा कोंब. परत तेच. मी घड्याळ पाहिलं नाही, पण ती पंधरा-वीस कोंब तरी खाऊन गेली असेल. तिच्या मागे सोललेल्या सालींचा एक छोटा ढीग पाण्यावर तरंगत होता, शेंगा खाऊन उठलेल्या माणसाच्या जागी टरफलं राहावीत तसा.

दुपारची डुलकी

अकरानंतर ऊन चढलं, स्वेटर निघाले आणि पाण्यावरची हालचाल थांबली. गावात एका घरी पिठलं, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली. घरच्या मावशींनी विचारलं, "दिसले का पाहुणे?" इथे स्थलांतरित पक्ष्यांना पाहुणे म्हणतात. मला तो शब्द आवडतो. पाहुण्याला पान वाढण्याची जबाबदारी घरच्यावर असते.

हे पाहुणे कुठून येतात, तेही सांगायला हवं. तलवार बदक, थापट्या, मालगुजा हे उत्तरेकडच्या, अगदी सायबेरियापर्यंतच्या दलदलींत उन्हाळ्यात वीण करून मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात. हा मार्ग तीस देशांवरून जातो. पठारावर कधीमधी दिसणारा पट्टकदंब तर हिमालय ओलांडतो. त्याच्या पाठीवर बसवलेल्या यंत्रांनी सात हजार मीटरहून अधिक उंचीची नोंद केलेली आहे. त्याच अभ्यासातून हेही दिसलं की तो उगाच उंच उडत नाही. जमिनीचे चढउतार धरून, जिथे खाली राहता येईल तिथे खालीच राहून तो डोंगर पार करतो. लांबच्या वाटेला निघालेल्याने शक्ती जपायची असते. म्हणूनच दुपारी ही बदकं झोपलेली दिसली तर त्यांना उठवू नये. थव्याच्या कडेला झोपणारं बदक एक डोळा उघडा ठेवतं आणि मेंदूचा अर्धाच भाग झोपवतं, हे प्रयोगांतून सिद्ध झालं आहे. आपण चांगल्या फोटोसाठी दहा पावलं पुढे गेलो, की तेवढीही झोप मोडते. परतीच्या वाटेवर लागणारी चरबी तिथे खर्च होते.

पातळी कोण ठरवतं?

तिसऱ्या प्रहरी बंधाऱ्यावर गेलो. पात्रातलं मध्यमेश्वराचं मंदिर, जुने काळे दगड, दारं आणि कालव्याच्या मुखाशी वळणारं पाणी. रब्बीचं आवर्तन, म्हणजे रब्बीच्या पिकांसाठी कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, चालू होतं. आवर्तन चालू असलं की कालव्यात पाणी चढावं म्हणून बंधाऱ्यामागची पातळी वर धरावी लागते. ते संपलं की पाणी उतरतं. खाली जायकवाडी धरणासाठी पाणी सोडायचा निर्णय झाला तर आणखी वेगळं गणित. समन्यायी पाणीवाटपावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात दर तुटीच्या वर्षी वाद होतो, आणि त्यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तहान दोन्हीकडे आहे.

गाळाचंही तसंच. मोठ्या पावसात चांदोरी-सायखेड्याच्या बाजारपेठेत पाणी शिरतं. दुकानं, घरं पाण्यात जातात. साचलेला गाळ काढा, ही तिथल्या लोकांची मागणी वर्षानुवर्षांची आहे आणि ज्याच्या घरात पुराचं पाणी आलं आहे त्याला चिखलाचं महत्त्व सांगायला जाणं बरोबर नाही. नदीचा मूळ प्रवाह मोकळा झाला पाहिजे, पाणवेली काढली पाहिजे; वरच्या गावांतलं सांडपाणी येत राहिलं तर पाणवेल परत परत माजणारच, म्हणून ते आधी रोखलं पाहिजे. पण प्रवाह मोकळा करणं वेगळं आणि अख्खा जलाशय खरवडून एकसारखा खोल करणं वेगळं. पहिल्याने गावं वाचतील. दुसऱ्याने पक्ष्यांची पंगत कायमची उठेल.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. पाण्याच्या प्रत्येक थेंबाचं वाटप ठरवणाऱ्या बैठकांमध्ये शेतीचा, पिण्याचा, कारखान्याचा वाटा मांडला जातो. पक्ष्यांचा वाटा मांडायला पाणी वेगळं काढून द्यावं लागत नाही. ते पाणी कोणी पीत नाही, कोणी पळवत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी ते फक्त योग्य खोलीवर राहायला हवं. आवर्तनाचं वेळापत्रक ठरवताना पातळी एकदम हातभर वर-खाली न करता टप्प्याटप्प्याने हलवायची आणि वरच्या अंगाचे उथळ पट्टे बुडणार नाहीत अशी कमाल पातळी लिहून ठेवायची. कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याचं पाणी त्यात कमी होऊ नये, हे अभियंत्यांनीच बसवायचं गणित आहे. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी याहून अवघड गणितं सोडवली आहेत.

संध्याकाळ

साडेपाचला परत मनोऱ्यावर आलो. मोर शराटींची एक रांग उसाच्या रानाकडून येऊन पाणकणसात उतरली. बगळे झाडांवर जमू लागले. थंडी परत पायांतून वर चढत होती आणि पलीकडच्या बागेत कोणीतरी रात्रीच्या शेकोटीसाठी काटक्या रचत होतं. वाटाड्याने वही मिटली. दिवसभरात सत्तरच्या वर जाती झाल्या होत्या. नवीन, दुर्मीळ असं काही दिसलं नव्हतं, आणि त्याची रुखरुखही नव्हती.

नोव्हेंबरात पक्षी सप्ताह येतो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. रानातल्या पाखरांची मराठी नावं जपणारे चितमपल्ली २०२५ साली गेले. त्यांनी जमवलेले शब्द आपण वापरले तरच टिकतील. मुलांना घेऊन जा आणि त्यांना शेकाट्या, थापट्या, चमच्या, वारकरी या नावांनीच पक्षी दाखवा. सुटीचा दिवस टाळा, गावातला वाटाड्या घ्या, त्याची मजुरी पुरती द्या, मळखाऊ कपडे घाला, हॉर्न आणि ड्रोन नको.

आणि तिथे पोचल्यावर सर्वांत आधी एखादा शेकाट्या शोधा व त्याचे पाय किती बुडाले आहेत ते पाहा. पोट टेकलेलं असेल, किंवा काठावर शेकाट्याच नसेल, तर त्या दिवसाची तारीख लिहून घ्या आणि पातळी का वाढली, हे पाटबंधारे खात्याला आणि वन विभागाला पत्र लिहून विचारा. अशी शंभर पत्रं गेली, तर पुढच्या बैठकीत पक्ष्यांचंही पान मांडलं जाईल.